मौक्तिकचे आठ शब्द

भवानीपूर, कलकत्ता
रविवार, १८ ऑगस्ट १९७४

प्रिय प्रतिभा,

पत्राच्या आरंभी 'वि. वि.' लिहायची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. आज ती सार्थ आहे. विशेष बरंच आहे, आणि विनंती एकच, ती शेवटी येईल. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उलट टपाली उत्तर धाडणारी मी गप्प बसले, तेव्हा तू एव्हाना जयप्रकाशरावांना म्हणाली असशील की शकुन आजारी तरी पडली असेल, नाहीतर तिचं लग्न तरी ठरलं असेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरीपेक्षा पहिलीची शक्यता जास्त, पण तब्येत ठणठणीत आहे. तू दोन गोष्टी विचारल्यास. एक पानभर, हौसेने. दुसरी ताज्या कलमात, दीड ओळीत: 'मौक्तिक आता म्हातारा झाला असेल ना गं? बागेत मजेत असेल.' पानभर प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तयार होतं. दीड ओळीने मला तीन आठवडे बसवून ठेवलं. उत्तर नको असलेल्या गोष्टी माणूस ताज्या कलमातच विचारतो, प्रतिभा. साडेचार वर्षं तू तिथेच विचारत आलीस आणि मीही तिथेच 'मजेत' असं लिहीत आले. दोघींची सोय झाली.

आधी इकडची खुशाली, म्हणजे नाखुशाली. भुयारी रेल्वेसाठी चौरंगीचा रस्ता उकरून ठेवला आहे. एस्प्लनेडला ट्राममधून उतरलं की समोर पाताळाचं दार दिसतं, फक्त आत जायला अजून दहा वर्षं थांबा म्हणतात. वीज रोज दुपारी जाते, आत्ताही गेली आहे, त्यामुळे शाई कुठे फुटली असेल तर तो घाम समज. मंडळाचा गणपती यंदाही बसेल, आपले सदाशिवराव यंदाही मराठीच्या ऱ्हासावर तासभर बोलतील आणि त्यांची नातवंडं मागच्या रांगेत बंगालीत कुजबुजतील. वरच्या मजल्यावरच्या माशीमा, माझ्या घरमालकीणबाई, ऐंशीच्या झाल्या. दोन मांजरं आणि एक आंधळा पोपट असा त्यांचा संसार आहे. गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही, पण पोपटाचे हरभरे त्या स्वतः भिजवतात आणि एकेक दाणा चोचीशी नेऊन भरवतात. या माशीमांचं नाव मी एकदा फार वाईट कामासाठी वापरलं होतं. तेही सांगते.

तुला पासष्टचा तो रविवार आठवतो का? जयप्रकाशराव हातीबागानच्या बाजारातून टोपलीत एक पांढरा गोळा घेऊन आले आणि हा अस्सल पॉमेरेनियन आहे असं त्यांनी जाहीर केलं. सहा महिन्यांत त्याचे पाय लांबले, कान पडले, लव गेली आणि आत्म्याने आपलं मूळ रूप प्रकट केलं. चांगला गल्लीतला निघाला. तुला त्याला मोती म्हणायचं होतं. मी नाक मुरडलं. मोती महाराष्ट्रातल्या प्रत्येक आळीत चार आहेत, म्हटलं, इथे एवढा दूर मराठी घरात आलाय तर निदान मौक्तिक म्हण. चार वर्षांच्या लीनाच्या तोंडात त्याचं मौकू झालं. आमचं संस्कृत नेहमी असंच शेवटी लाळेत भिजून लोकांच्या कामी येतं.

लीनाच्या मराठीची तुला तेव्हा केवढी धास्ती होती. शाळेत इंग्रजी आणि बंगाली, आयेशी हिंदी, आणि मराठीत 'आई' आणि 'नको' एवढंच. सुट्टीत सासूबाई म्हणाल्या, नात आली की पाहुणी आली, कळत नाही. म्हणून तू मला बुधवारी आणि रविवारी अलिपूरच्या तुमच्या क्वार्टर्समध्ये शिकवायला बोलावलंस. पंधरा वर्षं शाळेत पोरींकडून संस्कृतची रूपं पाठ करून घेणारी मी त्या चिमुरडीपुढे हरले. ती माझ्याकडे बघून हसायची आणि उत्तर बंगालीत द्यायची. तेव्हा मला ती कल्पना सुचली. कल्पना माझी, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे श्रेय तुम्ही दोघं घेत होतात आणि मी घेऊ देत होते. कुत्र्याशी या घरात फक्त मराठी बोलायचं. मौकूला बंगाली येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. त्याच्याशी खेळायचं असेल तर लीनाला मराठी आलंच पाहिजे. आयेलासुद्धा आपण 'बस' आणि 'सोड' शिकवलं. पाहुण्यांना दारातच नियम सांगितला जायचा.

दोन महिन्यांत कुत्र्याचं मराठी पोरीच्या पुढे गेलं, आणि वर्षभरात पोरीने त्याला गाठलं. तिचं पहिलं सबंध मराठी वाक्य माझ्या देखत झालं. मागच्या अंगणात मौक्तिकच्या पंजात बाटलीची काच गेली होती. तो कोणाला हात लावू देईना, गुरगुरत कोपऱ्यात बसला. लीना त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "दुखलं का रे तुला?" त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पंजा पुढे केला. तू पदराने डोळे पुसलेस. मला वाटलं काचेसाठी, पण ते वाक्यासाठी होते. तेव्हापासून त्याची ती सवयच झाली. 'दुखलं का' म्हटलं की जिथे दुखत असेल ते तो पुढे करायचा. कान, पाय, एकदा तर गांधीलमाशी चावलेलं नाक. पुढच्या गणपतीत जयप्रकाशरावांनी त्याला मंडळात आणलं आणि सगळ्यांदेखत बसवला, उठवला, पुढे बोलावला, मागे धाडला. बंगालमधला एकमेव शुद्ध मराठी भाषिक, असं सदाशिवराव म्हणाले. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, कबूल करते. एका मुक्या जिवाचं सगळ्या शहराशी बोलणं आपण कौतुकाने बंद करतो आहोत, हे त्या दिवशी त्या हॉलमध्ये कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

सत्तरच्या जानेवारीत बदलीचा हुकूम आला. आपल्या मंडळींत बदली झाली की मंडळाच्या फळ्यावर यादी लागते, कपाट, पलंग, कुंड्या, कोणाला हवं ते न्या. तुमची यादी माझ्या अक्षरात होती. तुझं अक्षर गिचमिड, म्हणून मी लिहून दिली. शिलाई मशीन, वेताच्या चार खुर्च्या, कुत्रा एक (चांगल्या घरी देणे), तुळशीचं वृंदावन. मशीन दुसऱ्या दिवशी गेलं. तुळस तिसऱ्या. कुत्र्यापुढे कोणी नाव लिहिलं नाही. भोपाळला सरकारी घर मिळेपर्यंत गेस्टहाऊसमध्ये राहावं लागणार, तिथे कुत्रा चालत नाही, हे तू मला चार वेळा सांगितलंस. एकदा पुरलं असतं. मग एका संध्याकाळी खोक्यांच्या गराड्यात बसून तू म्हणालीस, "शकुन, तूच ठेव ना गं त्याला. तुझं बोलणं त्याला कळतं."

मी म्हणाले, माझ्या घरमालकीणबाईंना जनावरं चालत नाहीत.

ज्यांची मांजरं माझ्या अंथरुणात बाळंत होतात, त्या माशीमांना! खरं कारण काय होतं ते सांगायला एवढी वर्षं लागली, इतकं ते क्षुल्लक आहे. मला केस नको होते. इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर, पलंगावर, पोथ्यांवर. दिवसातून दोनदा फिरवणं नको होतं. टाळ्या हव्या होत्या, जबाबदारी नको होती. तुम्ही गेल्यावर महिन्याने माशीमांनी वरून हाक मारून विचारलं, तो पांढरा कुत्रा कुठे गेला, मला वाटलं तू आणशील, मी जिन्याखाली त्याच्यासाठी पोतं घालून ठेवलंय. ते पोतं अजून तिथेच आहे.

मौक्तिकसाठी बराकपूरचं घर जयप्रकाशरावांनी ठरवलं. त्यांच्या ऑफिसातल्या कोणाचे तरी सासरे, अनादिबाबू, घराभोवती मोठी आंब्याची बाग, राखणीला कुत्रा हवा. ऐकायला स्वर्ग. तू मला म्हणालीस, महिन्यातून एकदा जाऊन बघून येशील ना? मी म्हणाले, जाईन. मग लीनाची पत्रं येऊ लागली, मौकूला लिहिलेली, द्वारा शकुनमावशी. ते मोठं मोठं मराठी अक्षर, रेघ सोडून चढत जाणारं. मी तिला मौकूच्या वतीने उत्तरं लिहिली. मी कैऱ्या राखतो, खारी पळवतो, नदीवर जहाजं बघतो. प्रतिभा, ही उत्तरं लिहिताना मी बराकपूरला एकदाही गेले नव्हते. शहर तेव्हा पेटलेलं होतं, बंद, बॉम्ब, अडवलेल्या गाड्या, आणि सबबी शोधणाऱ्याला तो काळ फार सोयीचा होता. पण रविवारच्या गाड्या बहुतेक चालत. मी पेपर तपासत होते.

आठ महिन्यांनी गेले. लीनाने त्याच्या गळ्यात बांधायला लाल फीत पाठवली होती, आणि ती फीत पेटीत ठेवून खोटं लिहिणं मला जमेना. कागदावरच्या खोट्याची मला सवय होती, वस्तू समोर असली की जड जातं. पूजेची सुट्टी होती. सियालदहहून गाडी पकडली, स्टेशनवरून रिक्षा केली. अनादिबाबू सत्तरीचे, बारीक, सौजन्याने वाकलेले गृहस्थ. मी शाळेत शिकवते कळताच 'दिदिमणी, दिदिमणी' करत त्यांनी संदेश मिठाईची बशी पुढे केली. तो वाईट माणूस नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण तो वाईट असता तर आपल्या दोघींचं काम फार सोपं झालं असतं. कुत्र्याचं विचारलं तसे ते ओशाळले. म्हणाले, तुमच्या साहेबांनी सांगितलं नाही, पण तो बहिरा आहे. वर हट्टी. साहेब निघताना त्याला काहीतरी म्हणाले, तो फाटकाशी बसला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत उठला नाही. आम्ही बंगालीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, नातवाने इंग्रजीत सांगितलं. ये म्हटलं तर येत नाही, थांब म्हटलं तर थांबत नाही. माळ्याने काठीने ढोसला तर त्याला चावला. तेव्हापासून बांधून ठेवावा लागतो.

मागे पत्र्याच्या छपराखाली तो होता. पांढरा म्हणायला आता जागा नव्हती. मी दहा हातांवर थांबले आणि म्हणाले, "मौक्तिक, ये. ये रे." तो उठला नाही आधी. नुसता कान हलला. मग साखळी ताठ होईपर्यंत आला, आणि मी 'बस' म्हणताच बसला. 'खाली' म्हणताच हनुवटी मातीला टेकली. अनादिबाबूंच्या हातातली बशी कलली. "ए तो शुनते पाय!" ते पुटपुटले. याला तर ऐकू येतं. त्यांचे डोळे भरले होते. आठ महिने आपण एका शहाण्या प्राण्याला बहिरा समजलो, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी लगेच कपाळावर हात मारून घेतला. माझा हात पर्समध्ये लाल फितीवर होता. फीत बांधायला गळ्याभोवती जागा नव्हती. पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती, आणि तिच्यावर माशा होत्या.

अनादिबाबूंनी कागद आणला. म्हणाले, दिदिमणी, हुकूम लिहून द्या, मी पाठ करतो. मी त्यांना कळावं म्हणून बंगाली अक्षरांत मराठी शब्द लिहिले, एकाखाली एक, शाळेत फळ्यावर लिहिते तसे टपोरे. बस. ये. थांब. नको. सोड. गप. खाली. जा. आठ झाले. म्हातारा तिथेच उभं राहून घोकू लागला. त्याचे उच्चार ऐकून मला हसू आलं आणि मौक्तिकने तशा उच्चारालाही एकदा बसून दाखवलं. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. गळ्याला हळद लावा, पट्टा सैल करा, असं सांगितलं. बेलगाछियाला जनावरांचं इस्पितळ आहे, टॅक्सीने तासाभराचा रस्ता, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी वाचायचं म्हणून एक भाषण लिहायचं राहिलं होतं, हेही माहीत होतं. मी त्याला त्या दिवशी 'दुखलं का' विचारलं नाही. विसरले नव्हते. विचारलं असतं तर त्याने मान पुढे केली असती, आणि मग मला ती पाहावी लागली असती. चारच्या गाडीने परत आले आणि त्याच संध्याकाळी लीनाला लिहिलं की फीत त्याला शोभून दिसते.

पुढची खेप पाच आठवड्यांनी. फाटकातच अनादिबाबू भेटले, आणि त्यांचं तोंड पाहून मी रिक्षा थांबवून ठेवायला सांगितली. मौक्तिक जाऊन चार दिवस झाले होते. जखमेत किडे पडले होते. हळद घेऊन गेलं की तो दात दाखवायचा. बस म्हटलं तर बसायचा, सगळं ऐकायचा, पण मानेपाशी हात आला की जीव खाऊन ओरडायचा. छावणीतून एका कंपाउंडरलाही आणलं, त्यालाही त्याने हात लावू दिला नाही. शेवटी ताप आला. अनादिबाबूंनी तो घडी पडलेला कागद खिशातून काढला. माझ्या आठ शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने नऊचा आकडा घालून पुढे रेघ कोरी ठेवली होती. म्हणाले, "दिदिमणी, शेवटचे दोन दिवस मी त्याच्यापाशी बसून होतो. दुखतं का, हे तुमच्या भाषेत कसं विचारतात? तेवढं तुम्ही लिहून दिलं नव्हतं."

मी त्यांना सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्याला ते कळलं असतं तर तो ते आयुष्यभर घोकत बसला असता. आंब्याखाली त्यांनी त्याला पुरलं होतं, वर चार विटा. मी तो कागद मागून घेतला आणि परत आले, आणि त्यानंतर पावणेचार वर्षं मौक्तिक बागेत मजेत राहिला.

आता तुझा पानभर प्रश्न. भोपाळचा बंगला मोठा आहे, लीनाला एकटं वाटतं, कर्नलसाहेबांच्या घरी अल्सेशियनची पिल्लं झाली आहेत, यंदा वंशावळीच्या कागदासकट, आणि 'शकुन, तुझ्या त्या संस्कृतातलं एखादं भारदस्त नाव सुचव, मौक्तिकसारखं.' या पत्राला मी बसले ते त्यासाठी, प्रतिभा, नाहीतर आणखी दहा वर्षं 'मजेत' लिहायची माझी तयारी होती. नाव मी देणार नाही. जयप्रकाशरावांची बदली आणखी दोन वर्षांनी ठरलेली आहे. त्या वेळच्या यादीत हे पिल्लू शिलाई मशीनच्या वर असेल की तुळशीच्या खाली, ते दोघांनी आधी ठरवा. यादीत नसेलच, तुमच्याबरोबर गाडीत असेल, मग गेस्टहाऊस असो की धर्मशाळा, असं छातीवर हात ठेवून म्हणता येत असेल तरच आणा, आणि मग त्याला कोणत्याही नावाने हाक मारा. येत नसेल तर त्याला कर्नलसाहेबांकडेच राहू दे. आणि विनंती ती ही: सोबतचा कागद लीनाला दे, आणि तो कशाचा आहे ते तिला तू सांग, मला ते जमत नाही. हल्ली तिची पत्रं इंग्रजीत येतात. मराठी अक्षरं तिला आता अडखळतात, असं तूच लिहिलंस. पण बंगाली अक्षरं ती आधी शिकली होती, ती विसरली नसेल. नववी रेघ इतकी वर्षं कोरी होती. ती मी आज भरली आहे. ती वाचायला तिला तुझी मदत लागणार नाही, वाक्य तिचंच आहे.

अजून म्हणवून घेशील तर तुझीच,
शकुन